शाल, श्रीफळ आणि पासोडी

वृद्धाश्रमांत वर्षानुवर्षे विनावेतन राबणाऱ्या माणसांचा सत्कार व्हावा, याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. विरोध नसतो म्हणूनच बहुधा ह्या सत्कारांविषयी कोणी विचारही करीत नाही. १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरविलेला ज्येष्ठांचा दिवस, आणि ५ डिसेंबर हा १९८५ साली ठरविलेला स्वयंसेवकांचा दिवस. ह्या दोन तारखांच्या आसपास शाली, नारळ, पुष्पगुच्छ आणि चकचकीत सन्मानचिन्हे यांची खरेदी होते. प्रास्ताविक होते, पाहुण्यांचा परिचय होतो, आभार मानले जातात, अल्पोपाहार होतो. सत्कारमूर्तींना 'दोन शब्द' बोलण्याची विनंती केली जाते आणि त्या बापड्या खरोखरच दोन शब्द बोलून खाली बसतात. ज्या कामासाठी त्यांना मंचावर आणलेले असते, त्या कामाची सभेत बोलण्याजोगी भाषा त्यांच्यापाशी नसते. खरे सांगायचे तर ती आमच्यापाशीही नसते, आणि आम्ही तर भाषेचेच विद्यार्थी आणि शिक्षक आहोत. ह्या विषयात आम्ही तोंड घालण्याचे कारण एवढेच.

हा विषय आम्ही घाटनांदूरच्या बाजूने पाहतो आहोत, हे आधी सांगितलेले बरे. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातले, परळी-लातूररोड लोहमार्गावरचे हे गाव. मुंबई-पुण्याच्या चर्चेत वृद्धाश्रम म्हटला, की परदेशी स्थायिक झालेली मुले, सदनिकेत एकटे राहिलेले आईबाप आणि मग एखाद्या बागेतली नीटनेटकी इमारत असे चित्र उभे राहते. आमच्या भागातला मुलगा सहसा अमेरिकेला गेलेला नसतो. तो कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेला असतो. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या हलतात आणि कारखान्यांचे गाळप संपले की परततात. नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीच्या नावे असते. ह्या हिशेबात सासूसासऱ्यांना जागा नाही. ती घरी राहतात, आणि पुष्कळ घरांतून नातवंडेही त्यांच्याच गळ्यात असतात. मुलांसाठी निदान हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीच्या 'शांतिवन'सारखी, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी उभी राहिलेली संस्था ह्याच जिल्ह्यात आहे. म्हाताऱ्यांसाठी हंगामी म्हणावे असे काही नाही. पाच-सहा महिने अर्धे गाव हाच एक वृद्धाश्रम असतो, पाटी नसलेला आणि नोंदणी नसलेला. त्याचे स्वयंसेवक म्हणजे दोन भाकरी जास्त थापणारी शेजारीण, सकाळी उठल्यावर अमक्या घराचे दार उघडले का हे पाहणारा दुकानदार, आणि औषधाची चिठ्ठी वाचून देणारी नववीतली मुलगी.

अंबाजोगाईत १९८२ साली डॉ. द्वारकादास लोहिया यांनी सुरू केलेल्या 'मानवलोक'ने निराधार वृद्धांसाठी सामूहिक स्वयंपाकघरांचा मार्ग धरला, त्यामागची दृष्टी आम्हांला फार मोलाची वाटते. म्हाताऱ्याला उचलून इमारतीत नेण्याऐवजी शिजलेले अन्न त्याच्या गावात, त्याच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचे. अशा व्यवस्थेत जी बाई रोज डबा पोचवते, ती वृद्धाश्रमाची स्वयंसेविका धरायची की नाही? आमच्या मते धरायची. सत्काराची यादी करणाऱ्यांनी पाटी असलेल्या इमारतीच्या आवाराबाहेर पाहिले नाही, तर मराठवाड्यातली बहुतेक खरी नावे यादीबाहेरच राहतील.

'वृद्धाश्रम' ह्या शब्दाचीही थोडी झाडाझडती घ्यायला हवी. आश्रम म्हटला की आपल्याला चार आश्रम आठवतात, वानप्रस्थ आठवतो. म्हणजे स्वतःहून उचललेले पाऊल आठवते. ज्या संस्थेत माणूस बहुधा नाइलाजाने येतो तिला हे नाव देऊन आपण त्या नाइलाजावर एक भगवी छटा चढवली. पुण्यातल्या 'निवारा' ह्या संस्थेचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या डेव्हिड ससून यांच्या दानात आहे. तिच्या जुन्या इंग्रजी नावात 'असायलम' असा रोकडा शब्द होता, आणि 'निवारा' हे आजचे नाव तर आम्हांला 'वृद्धाश्रमा'पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. आनंदवनाने आपल्या वृद्धांच्या वसतीला 'उत्तरायण' म्हटले. त्यात भीष्माची शरशय्याही आली आणि दिवस मोठे होत जाण्याची आशाही. १९९५ साली राज्यात आलेल्या युती सरकारने 'मातोश्री' हे नाव दिले. त्या नावात एका घराण्याची आठवण होती, पण आईची आठवणही होतीच. राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेला 'श्रावणबाळ' म्हणताना मात्र नाव ठेवणाऱ्याने गोष्ट शेवटपर्यंत वाचली होती की नाही, अशी शंका येते. पाणी आणायला गेलेला श्रावण दशरथाच्या बाणाने मरतो, आणि कावडीतली दोघे तशीच झाडाखाली राहतात. २०२३ पासून ह्या योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. असो.

आता साहित्याकडे. मराठीत म्हातारपणाविषयी काय लिहिले गेले असे कोणी विचारले, की पहिली दोन नावे ठरलेली: शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) आणि जयवंत दळवींचे 'संध्याछाया' (१९७३). आम्ही ही दोन्ही नाटके वर्गात शिकवली आहेत आणि दर वेळी चर्चा त्याच वळणाने गेली आहे. 'नटसम्राट'मध्ये मुलांची कृतघ्नता, आप्पासाहेब बेलवलकरांची वाणी, शेक्सपिअरच्या लिअरशी तुलना, शोकात्म नायकाची लक्षणे. 'संध्याछाया'त दुरावलेली मुले, रिकामे घर, शेवटचा निर्णय. प्रश्नपत्रिकाही ह्याच वळणाच्या. पण 'नटसम्राट'मध्ये राजा नावाचा एक बूटपॉलिशवाला पोरगा आहे. रक्ताची माणसे सुटल्यानंतर रस्त्यावर आलेल्या म्हाताऱ्याला जो आपल्याजवळ बसवतो, खाऊ घालतो, त्याचे बोलणे ऐकतो, तो हा राजा. त्याला इस्टेटीतला वाटा मिळालेला नाही आणि हा म्हातारा कोण होता हे समजण्याइतके नाटकाचे शिक्षणही त्याला नाही. राजा हे पात्र वाचकांनी एकदा स्वयंसेवक म्हणून वाचून पाहावे. आमच्या समीक्षेने त्याला 'समाजाच्या तळातील माणुसकीचे प्रतीक' असे एका ओळीत निकालात काढले आहे. प्रतीक म्हटले की काम संपते. तो रोज काय करीत असेल, म्हाताऱ्याच्या चिडखोरपणाला कसा पुरत असेल, स्वतःच्या धंद्याची वेळ कशी सांभाळत असेल, हे विचारावे लागत नाही. सत्कार समारंभात नेमके हेच होते. स्वयंसेविकेला 'वात्सल्यमूर्ती' म्हटले, की तिला रात्री किती वेळा उठावे लागते हे विचारण्याची गरज उरत नाही.

ही दृष्टी मराठीत कधीच नव्हती असे मात्र नाही. आपल्या गद्याच्या अगदी आरंभी ती आहे. श्रीचक्रधर निघून गेल्यावर नागदेवाचार्य, म्हाइंभट आणि इतर मंडळी रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिली. गोविंदप्रभूंचे वागणे लहरी, लहान मुलासारखे. लोकांच्या दृष्टीने तर वेड्यासारखेच. त्यांच्या निधनानंतर त्यांचे चरित्र म्हाइंभटांनी सिद्ध केले, आणि त्यात काय आहे? ते काय जेवले, कशासाठी हट्ट धरून बसले, कोणावर रागावले, कोणाच्या घरात शिरले, कशाने हसले. पंथीयांना त्यात ईश्वराच्या लीळा दिसतात आणि ते त्यांच्यापुरते योग्यच आहे. पण कोणत्याही वृद्धाश्रमात काही दिवस घालवलेल्या माणसाने हा ग्रंथ उघडावा. सांभाळायला अवघड अशा एका माणसाजवळ राहून, न कंटाळता, त्याच्या बारीकसारीक गोष्टी जपून ठेवणाऱ्यांचे हे लेखन आहे हे त्याला पहिल्या दहा पानांत कळेल. सेवा आणि नोंद ह्या दोन गोष्टी तिथे वेगळ्या राहिलेल्या नाहीत. आपल्याकडे नंतर गौरवपर लेखन उदंड झाले, पण हा बारकावा त्यात फारसा टिकला नाही.

तो बारकावा आज कुठे लागतो, ते सांगितले पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांशी कातडी तांबडी पडते आणि मग जखम होते. ती जखम एकदा खोल गेली की महिनोन्महिने भरत नाही. घास भरवताना माणसाला बसते करावे लागते. निजल्या निजल्या पाजलेले पाणी श्वासनलिकेत उतरू शकते. कानाने ऐकू येईनासे झालेल्याशी समोर उभे राहून, ओठ दिसतील असे बोलावे लागते. मागून ओरडून बोललेले त्याला भांडण वाटते. स्मृती गेलेली बाई दर संध्याकाळी माहेरी जायचे म्हणते, तेव्हा तुमचे माहेर आता राहिले नाही असे सांगायचे नसते. कोणत्या गावचे हो तुम्ही, नदी आहे का तिथे, असे विचारत तिला फाटकापर्यंत नेऊन परत आणायचे असते. हे कसब आहे. आजारी माणसाला कसे उठवावे हे ज्याला येते त्याची स्वतःची कंबर वाचते, ज्याला येत नाही त्याची दोन वर्षांत जाते. 'सेवाभाव' ह्या शब्दात ह्यांपैकी काहीच बसत नाही.

कागदाचे काम तर वेगळेच. अनुदान चालू राहावे म्हणून हयातीचा दाखला द्यायचा, बँकेत जायचे, यंत्रावर अंगठा ठेवायचा. जन्मभर खुरपे आणि कोयता धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसा घेत नाही. मग बोट पुसा, दुसरे बोट ठेवा, थोडे तेल लावा, पुन्हा या. म्हातारी जिवंत समोर उभी असते आणि ती जिवंत आहे हे सिद्ध होत नाही. अशा वेळी तिच्या बरोबर रांगेत उभा राहणारा, खिडकीपलीकडच्या माणसाशी न भांडता बोलणारा आणि काम न झाल्यास आठ दिवसांनी पुन्हा येणारा जो कोणी असतो, त्याचे नाव कोणत्याही सन्मानपत्रात नसते. घाटनांदूरहून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात म्हाताऱ्याला नेऊन केसपेपर काढणे, तपासण्यांच्या खोल्या शोधणे आणि शेवटच्या गाडीने परतणे ह्याला एक अख्खा दिवस जातो. रोजंदारीवरचा माणूस तो दिवस देतो तेव्हा त्याने एक दिवसाची मजुरी दान केलेली असते. त्याची पावती कोणी फाडत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आध्यात्मिक: खरी सेवा निष्काम असते, सत्काराने ती डागाळते. हा आक्षेप घेणारे बहुधा स्वतः सत्कार घेऊन आलेले असतात, हे सोडून देऊ. त्यातली खरी अडचण अशी, की निष्कामतेची ही अपेक्षा समाज सर्वांकडून सारखी करीत नाही. सेवा करणारी बाई असेल तर तिने ती करायचीच होती असे धरले जाते. पुरुषाने तेच केले तर तो बातमीचा विषय होतो. सत्कारांच्या छायाचित्रांत पुरुष किती आणि रात्रपाळीला बायका किती, याची मोजदाद ज्याने त्याने आपापल्या गावी करून पाहावी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आम्हांला बऱ्याच अंशी मान्य आहे. स्वयंसेवकांचा गौरव करता करता शासन आणि कुटुंब आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकून मोकळे होतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याचे १९ वे कलम सांगते, की राज्याने टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा, उभारावा. २३ वे कलम जणू बेलवलकरांसाठीच लिहिले आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता घेऊन जो सांभाळत नाही, त्याच्या नावे झालेले हस्तांतरण रद्द होऊ शकते. २४ व्या कलमात ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे साडेदहा कोटी लोक होते. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात जवळजवळ दहा होते. एवढ्या माणसांचे म्हातारपण मूठभर चांगल्या माणसांच्या चांगुलपणावर चालणार नाही. तेव्हा ज्या सत्कारात पालकमंत्र्यांना किंवा अध्यक्षांना १९ व्या कलमाविषयी एकही प्रश्न विचारला जात नाही, तो सत्कार आम्हांला अपुरा वाटतो. पण कायदा पाळला गेला, इमारत उभी राहिली, पगारी कर्मचारी आले, तरीही फाटकापर्यंत नेऊन परत आणणारे माणूस लागणारच. त्याचा मान ठेवायचा तो ठेवलाच पाहिजे.

कसा ठेवायचा? केंद्र सरकारचा 'वयोश्रेष्ठ सन्मान' आहे, तो १ ऑक्टोबरला दिला जातो आणि संस्थांनाही मिळतो. ते चांगलेच आहे, पण दिल्लीपर्यंत पोचण्याइतके कागद रंगवणे ज्या संस्थेला जमते, तिला कारकून ठेवणेही जमत असते. आम्हांला सुचते ते फार लहान आहे. पुंडलिकाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आईवडिलांची सेवा चालू असताना देव आला, तर त्याने वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. गोष्टीतला आमचा आवडता भाग असा, की देव थांबला. सत्काराच्या दिवशी स्वयंसेविकेला सकाळपासून सभागृहात आणून बसवतात, पाहुणे दोन तास उशिरा येतात, आणि तिकडे तिची पाळी दुसऱ्या कोणी तरी निभावायची असते. हे उलटे करावे. पाहुण्यांनी तिच्या वेळेला, तिच्या कामाच्या जागी यावे आणि तिचे हातातले काम होईपर्यंत बाहेर थांबावे. वीट नसेल तर खुर्ची द्यावी.

शालीऐवजी सुटी द्यावी. वर्षातले सलग आठ दिवस तिची पाळी दुसऱ्यांनी करावी आणि तिने माहेरी जावे, पंढरपूरला जावे, नुसते झोपावे. हे 'दुसरे' कोण, तर महाविद्यालयांतली मुले. १९६९ पासून आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे आणि तीत प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. आजवर ह्या तासांतले किती तास परिसर स्वच्छतेच्या नावाखाली झाडलेल्याच अंगणात पुन्हा झाडू मारण्यात गेले, हे आम्हां शिक्षकांना चांगले माहीत आहे. माणसाला कुशीवर कसे वळवावे हे चार तासांत शिकवता येते. शिकवायला ती स्वयंसेविकाच बोलवावी, आणि 'मार्गदर्शक' म्हणून तिचे मानधन महाविद्यालयाने द्यावे. व्याख्यात्यांना देतोच आपण.

आणि तिसरे, जे आमच्याच विभागाने करायचे आहे. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी दाखवतात आणि तिथेच दासोपंतांची पासोडी आहे: सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद असे जाडेभरडे कापड, त्यावर दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले. शाल आणि पासोडी, दोन्ही पांघरायचीच वस्त्रे. समारंभातली शाल दुसऱ्या दिवशी ट्रंकेत जाते, कारण ती फार पातळ असते आणि आमच्याकडच्या पौषातल्या थंडीला पुरत नाही. पासोडी सोळाव्या-सतराव्या शतकापासून राहिली, कारण तिच्यावर लिहिलेले आहे. मराठी विषय घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका स्वयंसेवकाबरोबर काही दिवस राहून तिचे काम म्हाइंभटांच्या पद्धतीने लिहून काढावे. त्यात विशेषणे नसावीत. कोण किती वाजता उठले, काय भरवले, कशावरून रुसवा झाला, कसा मिटला, ती म्हाताऱ्याला 'बाप्पा' म्हणते की 'आबा', आणि तो तिला 'माय' कधीपासून म्हणू लागला. संस्थांच्या अहवालांत म्हाताऱ्यांना 'लाभार्थी' म्हणतात आणि शहरी लेखांत 'आजी-आजोबा'. ह्या दोहोंत नसलेली नाती आमच्या बोलीत अजून आहेत, ती कागदावर यायला हवीत. रहिवाशांची नावे अर्थात बदलून, आणि स्वयंसेविकेला आधी वाचून दाखवून. तिने खोडायला सांगितले ते खोडून. प्रकल्पाचे गुण द्यायचे असतील तर ह्याला द्यावेत. 'नटसम्राट आणि किंग लिअर : एक तुलनात्मक अभ्यास' आता पुष्कळ झाले.

राहता राहिली तारीख. १ ऑक्टोबर ही तारीख जगाला सोयीची असेल, पण आमच्याकडे तेव्हा टोळ्या निघण्याची गडबड असते. उचल घेतलेली असते, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सज्ज होत असतात. म्हाताऱ्यांचे हाल त्यानंतर सुरू व्हायचे असतात आणि स्वयंसेवकांचे कामही. सत्कार करायचा तर पाडव्यानंतर, चैत्रात, टोळ्या परत आल्यावर करावा. तेव्हा मागच्या पाच महिन्यांत कोणी कोणाच्या आईला भाकरी दिली, कोणाच्या बापाला दवाखान्यात नेले, हे ताजे असते. आणि ज्यांच्या आईबापांना सांभाळले ते मुलगे आणि सुना त्या दिवशी गावात असतात. नारळ त्यांच्याच हातून दिला जावा.